गोष्ट ऐकतो, पण पुस्तक हातात धरत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते ध्यानात राहील. मुलगा आठ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतला. बडोद्यात दांडिया बाजारात राहता; घरात मराठी, खाली उतरलं की गुजराती. तोंडी हिशेबात आणि नकाशात रमतो, आगगाड्यांचं वेड आहे, रात्री गोष्ट वाचून दाखवली की ‘अजून एक’ म्हणून मागे लागतो. पण ‘तू वाच’ म्हटलं की त्याला तहान लागते, शू लागते, पोटात दुखतं. सकाळचा अर्धा तास वाचनाचा आणि तो रोज रडारडीत जातो. पुस्तकामागे दहा रुपये देऊन पाहिले, चार दिवस चाललं. आजोबांचं मत लाडावलाय, त्याच्या बाबांचं मत जूनपासून शाळेत घालू. आणि तुम्ही विचारलंय, वाचनाची आवड कशी लावू?

आवड त्याला आहे. ‘अजून एक’ म्हणणाऱ्या मुलाला गोष्टींची आवड लावायची गरज नसते. तो पळतोय ते अक्षरं जुळवायच्या दमणुकीपासून, आणि ती दमणूक आईच्या डोळ्यांदेखत करावी लागते त्यापासून. माझ्याकडे येणाऱ्या या वयाच्या मुलांमध्ये ‘वाचायचा कंटाळा’ हे लेबल खरवडलं की खाली बहुतेक वेळा हेच निघतं. त्यामुळे आवडीचा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा आणि गाडी नेमकी कुठे अडते ते शोधा.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली होती, ती मला रोज उपयोगी पडते. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: छापलेलं ओळखून उच्चारता येणं, आणि ऐकलेली भाषा कळणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. तुमच्या मुलाची दुसरी बाजू भक्कम आहे, तुम्हीच लिहिलंय की त्याला लांबलचक गोष्ट कळते आणि तो मधे प्रश्न विचारतो. म्हणजे तपासायची ती पहिली बाजू.

ती अशी तपासा. त्याने कधी न पाहिलेल्या पुस्तकातला साधारण शंभर शब्दांचा उतारा घ्या. त्याच उताऱ्याची झेरॉक्स तुमच्या मांडीवर ठेवा, पेन्सिल हातात, पण चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव नको. ‘हे पुस्तक तुझ्यासाठी जड आहे की हलकं ते मला बघायचंय’ असं सांगा, कारण तेच खरं आहे. तो वाचत असताना दुरुस्त करू नका. अडखळला तिथे टिंब, चुकीचा शब्द वाचला तर तो जसा वाचला तसा वर लिहा. पाचांपेक्षा जास्त शब्द चुकले तर ते पुस्तक सध्या त्याने ऐकायचं आहे, वाचायचं नाही. मग पाचसहा खोटे शब्द लिहून दाखवा: टिमूर, कर्पो, झुस्का, ग्रिमा, मेंदळ. हे परग्रहावरच्या माणसांची नावं आहेत म्हणालात तर हसत वाचेल. खोट्या शब्दात अंदाज चालत नाही. ओळखीचे शब्द धडाधड वाचणारा मुलगा इथे थांबला तर समजा की तो आत्तापर्यंत पहिलं अक्षर आणि चित्र पाहून शब्द ठोकत होता. हुशार मुलं हे फार सफाईने करतात आणि घरच्यांना वर्षभर पत्ता लागत नाही.

आता तो झेरॉक्सचा कागद नीट पाहा. चुका विखुरलेल्या दिसतील, पण बऱ्याचदा त्या दोनतीन कुळांतल्याच असतात.

पहिलं कूळ ऱ्हस्व वेलांटीचं. ‘किती’ या शब्दात डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मग क; जिभेला मात्र क आधी हवा असतो. आपल्याला सवय झाली म्हणून यातली गंमत जाणवत नाही. दुसरं कूळ र चं. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. एकच र चार ठिकाणी चार वेश घेऊन बसतो, त्यातला सूर्यातला रफार तर उच्चारायचा आधी आणि लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘गर्दी’चं ‘गद्री’ वाचणारं मूल बेफिकीर नसतं, ते डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचत असतं. तिसरं जोडाक्षरांचं, विशेषतः क्ष आणि ज्ञ, जिथे मूळ अक्षरांचा मागमूस उरत नाही. आणि अनुस्वार: आंबा, गंगा, संसार, तिन्हीकडे टिंब एकच, आवाज तीन.

बाराखडी पाठ असणं वेगळं. ‘क का कि की’ गाण्यासारखं म्हणणारी मुलं मधूनच ‘कु’ दाखवला की पहिल्यापासून मनात मोजत येतात. ओठ हलताना दिसतात. आपल्या लिप्यांत मुळाक्षरं शिकली की झालं असं नसतं, प्रत्येक व्यंजनाची स्वरचिन्हांसकट आणि जोडाक्षरांसकट ओळख व्हावी लागते. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात ही अक्षरओळख चौथीपर्यंत पक्की होत राहते असं दिसलं होतं. देवनागरीची घडणही त्याच जातीची. तेव्हा आठव्या वर्षी ‘अजून वाचता येत नाही’ म्हणून घाबरू नका. पण ‘येईल आपोआप’ म्हणून सोडूनही देऊ नका.

बडोद्याच्या मराठी मुलाचं आणखी एक दुखणं आहे, ते पुण्यातल्या पुस्तकांत सापडणार नाही. घरात देवनागरी आणि रस्त्यावर गुजराती. ग, घ, त, न, प, म, व, स ही अक्षरं शिरोरेघ काढून टाकली की जवळपास तीच. क, ख, ज, फ, भ मात्र निराळी. गुजराती र आपल्या दोनच्या आकड्यासारखा दिसतो आणि गुजराती पाचाचा आकडा व प हे तर जुळे भाऊच. यात भर म्हणजे हिंदी पुस्तकातला दांड्याचा ल आणि मराठीतला पाकळीचा ल. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले, पण तुमच्या फोनवर बहुधा हिंदी वळणाचाच दिसत असेल. मोठ्या माणसाला हा फरक दिसतही नाही, मुलाला दर वेळी ‘हे तेच का?’ असं स्वतःला विचारावं लागतं.

म्हणून सध्या बसून शिकवायची एकच लिपी ठेवा, मराठीची. घरात जी भाषा सगळ्यात श्रीमंत आहे तिच्यातच अक्षरं लवकर पक्की होतात, कारण अर्धवट वाचलेला शब्दसुद्धा त्याच्या कानाच्या ओळखीचा असतो. देवनागरी हाताखाली आली की गुजराती पटकन येते. बाराखडीची रचना तीच, बदलतात फक्त आकार. दुकानांच्या पाट्या, बसवरची गावं, फरसाणाच्या पुड्यावरचं नाव, हे गुजरातीत जाताजाता वाचत असेल तर वाचू द्या, फक्त त्याचा धडा करू नका. इंग्रजी ऐकणं-बोलणं चालू ठेवा. इंग्रजी वाचनाला दिवाळीनंतर हात घातला तरी काही बिघडत नाही.

तुमचा सकाळचा अर्धा तास मोडीत काढा. त्याऐवजी दिवसातून सात-आठ मिनिटं पाटीवर अक्षरांचं काम आणि दहा मिनिटं जोडीनं वाचन, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. आणि रात्रीचं वाचून दाखवणं अजिबात कमी करायचं नाही. ‘आधी तू दोन पानं वाच, मग मी गोष्ट वाचते’ हा सौदा घरोघरी चालतो आणि तोच सगळ्यात महाग पडतो. गोष्ट बक्षीस झाली की वाचन आपसूक शिक्षा होतं. त्याला जड जाणाऱ्या वाक्यरचना आणि पुस्तकी शब्द त्याच्या कानावर पडतात ते याच वेळी, ते बंद करून कसं चालेल?

पाटीवरच्या कामात झेरॉक्सवर सापडलेलं एकच कूळ आठवडाभर घ्या. स्वरचिन्हांसाठी एका शब्दात एकेक चिन्ह बदलत जा: माळ, मूळ, मेळ, मेळा. तुम्ही पुसा, तुम्ही लिहा, त्याने वाचायचं. मग त्याने पुसून तुम्हाला फसवायचं. रफाराच्या आठवड्यात गर्दी, वर्दी, सर्दी, अर्धी, आणि प्रत्येक शब्द आधी तोंडी तोडायचा: गर्-दी. र कुठे ऐकू आला आणि कुठे बसला, ते त्यालाच बोटाने दाखवू द्या. सात मिनिटं झाली की रंगात आलेला असला तरी थांबा. उद्या तो स्वतः पाटी आणेल.

जोडीनं वाचन म्हणजे काय ते नीट सांगते, कारण याचा लोक ‘एक ओळ तू, एक ओळ मी’ असा अर्थ घेतात. दोघांनी एकाच वेळी, एका आवाजात, त्याच्या वेगाने वाचायचं. शब्दांखाली बोट त्याचं. त्याला वाटलं आता एकट्याने जमेल, की टेबलावर टकटक करायची, तुम्ही गप्प. तो अडला तर मनात चार-पाच आकडे मोजून थांबा. नाही जमलं तर शब्द सरळ सांगून टाका, त्याने तो एकदा म्हणायचा, आणि लगेच पुन्हा दोघं मिळून पुढे. ‘नीट बघ’, ‘काल आला होता की हा शब्द’, ‘पहिलं अक्षर काय आहे?’ यातलं काहीही नाही. अक्षरं फोडायचं काम पाटीवर झालेलं आहे, इथे गोष्ट तुटता कामा नये. ब्रिटनमध्ये कीथ टॉपिंग यांनी ही पद्धत पालकांसाठी सोपी करून दाखवली. तिची खरी खुबी टकटकीत आहे: कधी एकटं वाचायचं हे मूल ठरवतं.

एकच उतारा तीन दिवस वाचायलाही हरकत नाही. पहिल्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करा, तिसऱ्या दिवशी पुन्हा करा, दोन्ही त्याला ऐकवा. घाई करायला सांगू नका. फरक त्याचा त्याला ऐकू येतो, आणि तुमच्या शंभर शाबासक्यांपेक्षा त्यावर त्याचा विश्वास बसतो.

आता आजोबा. त्यांना खोलीबाहेर काढायची गरज नाही, उलट त्यांच्याकडे एक काम द्या. गणपतीत आरत्या म्हणताना मुलाला सगळं पाठ असतं; आरतीचं पुस्तक समोर धरून आजोबांनी आणि त्याने बोट फिरवत म्हणायचं. डोळा आणि कान एकाच शब्दावर येतात. आपल्या गुजरातेतच अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी हेच तत्त्व टीव्हीवर आणलं: १९९९ मध्ये दूरदर्शनवर गुजराती चित्रपटगीतांच्या खाली त्याच भाषेत ओळी दाखवायला सुरुवात झाली, गाणं माहीत असलेला माणूस वाचत जाईल म्हणून. पण पाठ असलेलं म्हणणं म्हणजे वाचन नव्हे, तेव्हा आरती संपल्यावर आजोबांनी विचारायचं, ‘यात “विघ्न” कुठे आहे, शोध पाहू.’ शोधण्यात वाचन आहे. (बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या राजवटीच्या आठवणीत वाढलेल्या घरात नातवाला शाळेतून काढल्यावर कपाळाला आठ्या पडायच्याच. त्यांचा राग मुलावर नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल.)

दहा रुपयांचं थांबवा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग यासंदर्भात प्रसिद्ध आहे. रंगीत पेनांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘काढलंत तर बक्षीस’ असं आधी सांगितलं गेलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं त्या पेनांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस कबूल केलं नव्हतं त्यांची हौस शाबूत राहिली. तुमच्याकडे चार दिवसांत झालं तेच. पुस्तक संपल्याच्या आनंदात सगळ्यांनी सेव उसळ खायला जाण्याला माझी काही हरकत नाही, फक्त आधी भाव ठरवू नका.

पुस्तकं कुठली? नावं मुद्दाम देत नाही, कारण यादी दिली की ती ‘पूर्ण’ करायचा सोस येतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्याला घेऊन जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेडोपाडी पाठवली. तिथे गुजरातीबरोबर मराठी पुस्तकंही आहेत. तुम्ही घरी शिकवता, तेव्हा इतर मुलं शाळेत असतानाच्या निवांत वेळी जाता येईल. सभासदत्व त्याच्या सोयीने वापरू द्या: पातळ पुस्तक, ‘बाळबोध’ पुस्तक, आधी चारदा आणलेलं पुस्तक, नुसती चित्रं, सगळं चालेल. आणलेलं न वाचता परत करायची मुभा हवीच. घरी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि त्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या गोष्टी कागदावर छापून घ्या, पडद्यावर बोट नीट फिरत नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन आहेत, ते तूर्त तुम्ही वाचून दाखवायला.

पण तुमच्या मुलाचं पहिलं खरं पुस्तक मी त्याच्याकडूनच लिहवून घेतलं असतं. एक दिवस जवळच्या डभोईला न्या. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लाइन सुरू झाली तेव्हा गाडी ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते! आगगाडीवेड्या मुलाला एवढं सांगितलं की तो गप्प बसूच शकत नाही. परत आल्यावर तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, एका पानावर एक-दोन वाक्यं, मोठ्या अक्षरात. ‘बैल दमले तर गाडी लेट. मग स्टेशन मास्तर बैलाला ओरडणार का?’ असलं काहीतरी येईल. व्याकरण सुधारू नका, ‘लेट’चं ‘उशिरा’ करू नका. चित्रं त्याची, शिवण तुमची. हे पुस्तक तो वाचू शकतो, कारण पुढचा शब्द त्याच्याच तोंडातून निघालेला असतो. वाक्यं कापून पट्ट्या करा, गोंधळ घाला, पुन्हा लावू द्या. भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणात गोष्टीला, गाण्याला आणि मुलाच्या स्वतःच्या उद्योगाला जी जागा दिली, ती घरी शिकवणाऱ्या आईला शाळेपेक्षा सहज देता येते.

एक गोष्ट मात्र टाळू नका. या महिन्यात त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेत नसलेल्या मुलांची ही तपासणी सहज राहून जाते. आणि तीन-चार महिने नेमाने काम करूनही तीच अक्षरं पुन्हा पुन्हा निसटत असतील, खोटे शब्द जमतच नसतील, बोलतानाही शब्दातले आवाज उलटसुलट होत असतील किंवा घरात कुणाला लहानपणी हीच अडचण होती असं निघालं, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणीची) तपासणी करून घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. बडोद्यात तपासणी बहुधा इंग्रजीत किंवा गुजरातीत सुचवली जाईल. तो मराठीतून शिकतो हे ठासून सांगा, नाहीतर भाषेची अडचण आणि वाचनाची अडचण एकाच खात्यात जमा होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तेव्हा निदान झालंच तर पुढे परीक्षेतल्या सवलतींसाठी ते कागद उपयोगाचे आहेत, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

राहिला त्याच्या बाबांचा जूनचा प्रस्ताव. शाळा की घर, हा वाद मी सोडवणार नाही. मात्र ‘वाचत नाही म्हणून शाळा’ हे कारण मला पटत नाही. वर्गात त्याला जोडीनं वाचायला कोण बसणार? तिथे तो अंदाजाने शब्द ठोकायला अधिक तयार होईल इतकंच. दुसऱ्या कारणांनी पाठवायचं ठरलं तर वर्ष वाया जाईल ही भीती नको: शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मधे शाळेत नसलेल्या मुलालाही वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही असतो. घरीच चालू ठेवलंत तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते, म्हणजे हाताशी सहा वर्षं आहेत. दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण तो खुणा केलेला झेरॉक्सचा कागद तारीख घालून जपून ठेवा. दिवाळीच्या सुमारास त्याच लांबीचा नवा उतारा घेऊन पुन्हा तसंच करा आणि दोन्ही कागद बाबांपुढे ठेवा. मग जूनबद्दल बोलायला दोघांकडे काहीतरी हातात असेल.